जन्मजात हृदयदोष जन्माच्या दिवशीच का दिसत नाहीत?

सगळ्या सोनोग्राफी नॉर्मल होत्या. बाळ जन्मलं तेव्हा व्यवस्थित रडलं, रंग गुलाबी, वजन चांगलं. तपासून घरी सोडलं. आणि आता दीड महिन्याने सांगतात की हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. मग इतके दिवस सगळे काय बघत होते?

लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ हा प्रश्न सतत ऐकतात. त्यात राग असतो आणि कुणाचा तरी हलगर्जीपणा झाला असणार अशी शंकाही असते. कधीकधी ती शंका खरी निघते. पण बऱ्याच वेळा जन्माच्या दिवशी बाळाला तपासणाऱ्याला ऐकू येण्यासारखं किंवा दिसण्यासारखं काही नसतंच. दोष तेव्हाही असतो, त्रास मात्र नंतर सुरू होतो.

जन्माला येणाऱ्या साधारण १०० बाळांपैकी एकाच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. यात आपोआप बुजणारं बारीक छिद्रही येतं आणि हृदयाची अख्खी डावी बाजू न वाढलेली असणंही येतं. नाव एकच असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या पोटात सारखाच गोळा येतो. हे सगळे दोष गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांत घडतात, पण त्रासाचं वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाला पहिल्या काही तासांत, कुणाला सहाव्या आठवड्यात, तर कुणाला थेट चाळिशीत. हे वेळापत्रक ठरतं रक्ताच्या दाबावर. तो भाग समजला की डॉक्टर 'थांबू या' किंवा 'आजच हलवा' असं का म्हणतात तेही समजतं.

## एका भिंतीचे दोन पंप

हृदयात दोन पंप पाठीला पाठ लावून काम करतात. शरीरातून परत आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त उजवा पंप फुप्फुसांकडे ढकलतो. फुप्फुसांतून आलेलं लाल रक्त डावा पंप महाधमनीतून सगळ्या शरीरात पोचवतो. प्रत्येक पंपाला रक्त गोळा करणारा वरचा कप्पा आणि ते ढकलणारा खालचा कप्पा. रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा, म्हणजे वॉल्व्ह.

दोन्ही पंप मिनिटाला सारखंच रक्त पुढे पाठवतात, पण जोर सारखा नसतो. फुप्फुसं अगदी शेजारी असतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचा विरोध कमी असतो, त्यामुळे उजव्या पंपाचं काम हलक्या दाबात भागतं. डाव्याला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोचायचं असतं. मोठ्या माणसात डाव्या पंपाचा दाब उजव्याच्या साधारण पाचपट असतो. मधल्या भिंतीत छिद्र असलं तर रक्त डावीकडून उजवीकडे गळणार हे यावरून उघड आहे.

पोटातल्या बाळाचं गणित मात्र वेगळं असतं.

## पोटात असताना काहीच का अडत नाही?

गर्भातलं बाळ फुप्फुसांनी ऑक्सिजन घेत नाही. तो आईकडून वारेतून आणि नाळेतून येतो. फुप्फुसं द्रवाने भरलेली आणि त्यांच्या रक्तवाहिन्या आक्रसलेल्या असतात. तिकडे सगळं रक्त पाठवून उपयोग नसतो, म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. एक म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतली झाप असलेली खिडकी. दुसरी म्हणजे फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी आखूड नळी. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. रुग्णालयात सगळे तिला नुसतं 'डक्ट' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या आडवाटांमुळे एका पंपाचं काम दुसरा करू शकतो. डावा पंप नीट बनलेला नसला तर उजवा डक्टमधून शरीराला रक्त पुरवतो. फुप्फुसाकडचा रस्ता पूर्ण बंद असला तरी चालतं, कारण तिथून ऑक्सिजन आणायचाच नसतो. म्हणूनच अतिशय गंभीर दोष असलेली बाळंही पोटात छान वाढतात, हालचाल करतात आणि भरल्या वजनाची जन्माला येतात.

पहिल्या श्वासाबरोबर हे सगळं बदलतं. फुप्फुसांत हवा शिरते, तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि त्या बाजूचा दाब उतरायला लागतो. नाळ बांधल्यावर शरीराच्या बाजूचा दाब वाढतो. डावीकडच्या दाबाने खिडकीची झाप मिटते. (चारातल्या साधारण एका प्रौढात ती कधीच पूर्ण चिकटलेली नसते. बहुतेकांना आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही, आणि तो 'हृदयाला छिद्र' या वर्गातला आजारही नव्हे.) रक्तातला ऑक्सिजन वाढला की डक्टही आकसू लागते. पूर्ण दिवसांच्या बाळात ती बहुधा पहिल्या तीन दिवसांत मिटते.

## पहिले तीन दिवस

ज्या बाळाचं हृदय डक्टच्या आधारावर चाललं होतं, त्याची अडचण इथून सुरू होते.

फुप्फुसाकडचा रस्ता बंद असेल तर डक्ट मिटताच फुप्फुसात रक्त जाणं थांबतं आणि बाळ निळं पडतं. डावी बाजू अविकसित असेल किंवा महाधमनी एखाद्या जागी फारच अरुंद असेल तर उलटं होतं. शरीराला, विशेषतः कमरेखालच्या भागाला, रक्त कमी पडतं. बाळ फिकट-राखाडी दिसतं, हातपाय गार पडतात, दूध ओढत नाही, मलूल होतं. वरवर पाहता हे रक्तातल्या गंभीर जंतुसंसर्गासारखंच असतं, आणि सुरुवातीला अनेकदा तसंच समजून उपचार होतात.

यावरचा पहिला इलाज म्हणजे मिटत चाललेली डक्ट पुन्हा उघडणं. प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध शिरेतून थेंबाथेंबाने सुरू ठेवलं की ती उघडी राहते. हे औषध हाती येण्याआधी अशा बाळांच्या शस्त्रक्रिया जिवाच्या आकांताने, बाळ कोसळत असताना कराव्या लागत. आता बाळाला स्थिर करून मोठ्या केंद्रात हलवायला वेळ मिळतो.

घरी पाठवण्याआधी अशी बाळं हुडकण्यासाठी एक साधी तपासणी आहे. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात. उजवाच हात, कारण त्याची रक्तवाहिनी महाधमनीतून डक्टच्या आधी फुटते, पायाकडे जाणारं रक्त मात्र डक्टच्या जागेवरून पुढे येतं. दोन्ही ठिकाणी ९५ टक्के किंवा जास्त ऑक्सिजन असावा आणि दोन आकड्यांत ३ टक्क्यांहून जास्त फरक नसावा. कुठेही ९० च्या खाली आकडा आला तर थांबायचं नाही, लगेच पुढची तपासणी. टोचणं नाही, रक्त काढणं नाही, काही मिनिटांचं काम. तुमच्या बाळाची ही तपासणी झाली का, हे डिस्चार्जच्या वेळी जरूर विचारा.

पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. छिद्रं तिच्यात सापडत नाहीत, कारण त्या बाळांचं रक्त लालच असतं. महाधमनीचा अरुंदपणाही अनेकदा निसटतो. तो पकडायला डॉक्टरांना बाळाच्या जांघेतली नाडी बोटाने चाचपावी लागते.

एका दोषाबद्दल इथेच सांगायला हवं, कारण त्यात वेळेचं महत्त्व फार स्पष्ट दिसतं. काही बाळांत दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झालेली असते. महाधमनी उजव्या पंपातून निघते आणि फुप्फुसधमनी डाव्यातून. मग निळं रक्त शरीरात गोल फिरत राहतं, लाल रक्त फुप्फुसात गोल फिरत राहतं, दोघांची गाठच पडत नाही. बाळ जगतं ते आडवाटांमधून जी काही थोडी सरमिसळ होते तिच्यावर. १९६६ मध्ये विल्यम रॅशकिंड यांनी टोकाला फुगा असलेली बारीक नळी शिरेतून हृदयात नेली आणि वरच्या कप्प्यांमधली खिडकी मुद्दाम फाडून मोठी केली. इथे छिद्रच बाळाला वाचवतं. पुढे १९७५ मध्ये ब्राझीलच्या आदिब जतेने यांनी दोन्ही धमन्या कापून आपापल्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ती शक्यतो पहिल्या काही आठवड्यांतच करतात. उशीर झाला तर फुप्फुसाच्या हलक्या दाबाला सरावलेल्या डाव्या पंपाचे स्नायू पातळ होतात आणि नंतर अख्ख्या शरीराचा भार त्याला पेलवत नाही. 'बाळ जरा मोठं होऊ दे, मग करू' हे इथे चालत नाही.

## छिद्र, आणि दीड महिन्याचा प्रश्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं छिद्र, म्हणजे व्हीएसडी, हा सर्वात जास्त आढळणाऱ्या दोषांपैकी एक.

जन्मल्यावर फुप्फुसांचा दाब उतरायला लागतो हे खरं, पण तो एका दिवसात उतरत नाही. त्याला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचे दाब जवळपास सारखे असतात, त्यामुळे मोठ्या छिद्रातूनही फारसं रक्त गळत नाही. आवाज नाही, त्रास नाही. स्टेथोस्कोप लावणाऱ्याला ऐकू यायला काहीच नसतं. मग उजवीकडचा दाब जसजसा उतरतो तसतसं डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून पुन्हा फुप्फुसात जाऊ लागतं. फुप्फुसं जड होतात, डाव्या पंपाला तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलावं लागतं. चार ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ दमायला लागतं.

दमलेलं बाळ ओळखायचं कसं? ते दूध पिताना दमतं, कारण त्याच्या आयुष्यात तेवढाच व्यायाम असतो. दोन-चार घोट घेऊन सोडतं, पुन्हा ओढतं, कपाळावर घाम येतो, थोड्या वेळात झोपतं आणि भुकेने लगेच उठतं. शांत झोपेतही श्वास मिनिटाला ६० च्या वर राहतो. वजन वाढत नाही. वारंवार छातीत कफ होतो. 'आईचं दूध पुरत नाही' या निदानावर अशा बाळांचे कितीतरी आठवडे वाया जातात. दूध पुरत नसलेलं बाळ जोरात ओढतं आणि चिडतं. पिताना घामाघूम होऊन धापा टाकणारं बाळ वेगळं. त्याचं हृदय तपासायलाच हवं.

आवाजाविषयी एक गोष्ट पालकांना हमखास चकवते. छिद्र जितकं बारीक तितका हृदयातला आवाज, म्हणजे मर्मर, मोठा असू शकतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट दाबून धरलं की चिंचोळ्या फटीतून पाणी सूं सूं आवाज करत उडतं, बोट काढलं की भरपूर पाणी गुपचूप वाहतं. तसंच इथे. त्यामुळे 'फार मोठा मर्मर आहे' हे ऐकून हादरू नका आणि 'आवाज बराच कमी झालाय' यावर स्वतःच खूशही होऊ नका. निवाडा इकोवर करायचा. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शिवाय पुष्कळ मुलांत हृदय पूर्ण निरोगी असतानाही तात्पुरता मर्मर ऐकू येतो, विशेषतः तापात.

## 'आपोआप बुजेल ना?'

बऱ्याचदा, हो. भिंतीच्या स्नायूंच्या भागातली बारीक छिद्रं मोठ्या संख्येने पहिल्या एक-दोन वर्षांत स्वतःहून बंद होतात. अशा वेळी ठरलेल्या अंतराने इको करत राहणं हाच उपचार. डॉक्टर काहीच करत नाहीत असं वाटून दुसरीकडे धाव घेण्याची गरज नाही.

पण सगळी छिद्रं बुजणारी नसतात. झडपेला लागून असलेली किंवा खूप मोठी छिद्रं वाट पाहून बंद होत नाहीत. आणि इथे एक फसवी अवस्था येते. मोठं छिद्र असलेलं, सतत आजारी पडणारं बाळ काही महिन्यांनी किंवा वर्ष-दोन वर्षांनी अचानक बरं वाटायला लागतं. धाप कमी होते, वजन धरतं. घरच्यांना वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात फुप्फुसात रक्ताचा लोंढा सतत येत राहिल्याने तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या असू शकतात. उजवीकडचा दाब चढतो, म्हणून गळती कमी होते, म्हणून धाप कमी होते. तो दाब आणखी चढला की रक्त उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे वाहू लागतं आणि मूल निळं पडतं. व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये असा रुग्ण नोंदवला, म्हणून या अवस्थेला त्यांचं नाव आहे. इथवर आल्यावर छिद्र बंद करता येत नाही. चढलेल्या दाबाला ती एकच वाट उरलेली असते, ती बुजवली तर उजवा पंप कोलमडतो. 'आता तर तब्येत सुधारली, मग ऑपरेशन कशाला' या आक्षेपाला माझ्या मते याहून नेमकं उत्तर नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांत हृदयदोष असतो आणि त्यांच्यात फुप्फुसाचा दाब लवकर चढतो, म्हणून त्यांचं इको लक्षणांची वाट न पाहता करायचं असतं.

वरच्या कप्प्यांमधल्या छिद्राची, म्हणजे एएसडीची, गोष्ट संथ आहे. तिथे दोन्ही बाजूंचा दाब मुळातच कमी, त्यामुळे गळती हळू होते. मूल खेळतं, शाळेत जातं, काही जाणवत नाही. तिशी-चाळिशीत जिना चढताना दम लागतो किंवा धडधड सुरू होते, तेव्हा छिद्र सापडतं. यातली बरीच छिद्रं आता छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, उघडमीट होणाऱ्या जाळीदार चकतीने बंद करतात. मात्र चकतीला पकडायला छिद्राभोवती पुरेशी कड लागते. ती नसेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते.

डक्ट स्वतःच उघडी राहिली तर तीही गळतीच. तिला पीडीए म्हणतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत ती नेहमी आढळते आणि काही वेळा औषधानेच मिटते. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये बॉस्टनला एका मुलीची डक्ट बांधली, तेव्हापासून जन्मजात हृदयदोषांवरच्या शस्त्रक्रियांचा इतिहास सुरू होतो.

## निळं मूल आणि उकिडवं बसणं

फ्रेंच डॉक्टर फॅलोट यांनी १८८८ मध्ये नीट वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा दोष चार गोष्टींचा मिळून बनतो. खालच्या भिंतीत मोठं छिद्र, फुप्फुसाकडचा रस्ता अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजव्या पंपाची भिंत जाड. रस्ता अरुंद म्हणून निळं रक्त फुप्फुसाऐवजी छिद्रातून शरीरात जातं. निळेपणा पाहायचा तो जीभ आणि हिरड्यांवर, विशेषतः सावळ्या बाळांत. नवजात बाळाचे नुसते तळहात-तळपाय निळसर दिसणं बहुधा थंडीमुळे असतं.

अशी शस्त्रक्रिया न झालेली मुलं चालायला लागल्यावर खेळता खेळता उकिडवी बसतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. गुडघे मुडपले की पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. लहान बाळाला रडताना किंवा सकाळी उठल्यावर निळेपणाचा झटका आला तर गुडघे छातीशी दाबून धरायला सांगतात ते याचसाठी. तेवढं करत करत रुग्णालय गाठायचं.

या दोषावरच्या पहिल्या उपायाची सुरुवात डक्टच्या निरीक्षणातून झाली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टाउसिग या डॉक्टर निळ्या मुलांवर उपचार करत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून त्या छातीवर हात ठेवून हृदय ओळखत. डक्ट उघडी असेपर्यंत ही मुलं बरी असतात आणि ती मिटली की बिघडतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मग नवीन डक्टच का करू नये? शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ती २९ नोव्हेंबर १९४४ रोजी एका लहान मुलीत केली. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसधमनीला जोडली. पण या जोडणीचं तंत्र कुत्र्यांवर महिनोन्‌महिने घोटून बसवलं होतं ते व्हिव्हियन थॉमस या प्रयोगशाळेतल्या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. थॉमस यांचं शिक्षण शाळेपुरतं झालेलं होतं. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव मिळालं ते दोन डॉक्टरांचं. थॉमस यांचं नाव त्यात जोडण्याची पद्धत बरीच उशिरा रूढ होते आहे.

आतून दुरुस्ती करायची तर हृदय थांबवावं लागतं. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून एका तरुणीच्या वरच्या भिंतीतलं छिद्र बंद केलं. पुढच्याच वर्षी वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राशिवायचा धाडसी मार्ग धरला. मुलाच्या रक्तवाहिन्या आईच्या किंवा वडिलांच्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या आणि तेवढा वेळ त्यांच्या हृदयावर मुलाला जगवायचं. अशा ४५ मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, २८ जण घरी गेले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या मुलांपुढे दुसरा पर्याय नव्हता. आता फॅलोटची दुरुस्ती बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या वर्षातच होते.

## दोष हृदयात नाही, छातीत असेल तर?

छातीतल्या दोषांत सर्वात गंभीर म्हणजे पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला, श्वासपटलाला, राहिलेलं भगदाड. बहुतेक वेळा ते डावीकडे असतं. आतडी आणि जठर त्यातून वर छातीत सरकतात. वाटतं की आतडी खाली ओढून भोक शिवलं की झालं. खरं दुखणं वेगळं असतं. गर्भात महिनोन्‌महिने जागाच न मिळाल्याने फुप्फुसं लहान राहतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचा दाब जन्मल्यानंतरही उतरत नाही. त्यामुळे घाईने शस्त्रक्रिया न करता आधी बाळाला कृत्रिम श्वासावर स्थिर करतात. हे पालकांना बघवत नाही, पण ते योग्य असतं. फारच गंभीर प्रकारात गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा बसवून फुप्फुसं वाढवण्याचा उपाय आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या गंभीर दोषात त्यामुळे जगण्याचं प्रमाण १५ वरून ४० टक्क्यांवर गेलं, मात्र मुदतीआधी प्रसूती होण्याचा धोका वाढला.

त्या मानाने छातीचं हाड आत खचलेलं असणं सौम्य. ते मुलग्यांत जास्त दिसतं आणि वयात येताना, उंची झपाट्याने वाढते तेव्हा खोल होतं. बहुतेकांत हृदयाला काही होत नाही, खरा त्रास शर्ट काढायच्या लाजेचा असतो, आणि त्यालाही कमी लेखू नये. खळगा फार खोल असेल तर हृदयाची उजवी बाजू दाबली जाते आणि धावताना दम लागतो. अशा वेळी हाडाखालून वाकवलेली धातूची पट्टी सरकवून ते उचलतात आणि दोन-तीन वर्षांनी पट्टी काढतात. हाड बाहेर आलेलं असेल तर बऱ्याचदा बाहेरून लावायच्या पट्ट्याने भागतं. मुलगा फार उंच, सडपातळ, लांब बोटांचा असेल तर मार्फान सिंड्रोम या जन्मजात आजाराची तपासणी करावी, कारण त्यात महाधमनी फुगू शकते.

एक खूण मात्र वेगळी ओळखा. तान्ह्या बाळाची छाती श्वासागणिक बरगड्यांखाली आत खेचली जात असेल आणि श्वास जलद असेल, तर तो छातीच्या आकाराचा दोष नाही. ती श्वास घेण्याची धडपड आहे, लगेच डॉक्टरकडे न्या.

आणि हृदय उजवीकडे असेल तर? पोटातले सगळे अवयवही आरशातल्यासारखे उलटे असतील तर हृदयाची रचना बहुधा ठीक असते. बाकी सगळं जागच्या जागी आणि फक्त हृदय उजवीकडे, तेव्हा आत दोष असण्याची शक्यता बरीच जास्त.

## मग सोनोग्राफीत का दिसलं नाही?

मोठे दोष १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसू शकतात आणि दिसायला हवेत. चार कप्पे आणि दोन्ही मुख्य धमन्या पाहिल्या तर बरेच सापडतात. शंका आली किंवा आईला मधुमेह असेल, घरात कुणाला असा दोष असेल, तर गर्भाचं वेगळं इको करतात.

पण काही गोष्टी गर्भात दिसणंच अवघड. डक्ट आणि वरची खिडकी तेव्हा उघडीच असायला हवी, त्यांना दोष म्हणणार कसं? दोन्ही बाजूंचा दाब सारखा असल्याने बारीक छिद्रातून रक्त गळताना दिसत नाही. महाधमनीचा अरुंदपणा तर डक्ट मिटल्यावरच पुरता उघड होतो.

## 'माझ्यामुळे झालं का?'

हा प्रश्न आई विचारते, क्वचित मोठ्याने. जड उचललं, प्रवास केला, घाबरले, रडले, यांतल्या कशानेही हृदयाला छिद्र पडत नाही. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हृदय धडधडू लागतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याची रचना बहुतेक पुरी होते. अनेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं.

बहुतेक बाळांत नेमकं एक कारण सापडत नाही. काहींत गुणसूत्रांचे बदल सापडतात. टाळता येण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, पण खऱ्या आहेत. गर्भ राहण्याआधीपासून साखर ताब्यात नसणं ही त्यातली महत्त्वाची. रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, ही दुसरी. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झाल्याचं दाखवलं, त्यांतल्या अनेक बाळांना हृदयदोषही होते. याची लस गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी घ्यावी लागते. दारू आणि फिट्स, मुरमं किंवा मानसिक आजारांवरची काही औषधंही यादीत आहेत. ती मनाने बंद करायची नाहीत, मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. एका मुलाला दोष असेल तर पुढच्या मुलाला असण्याची शक्यता १०० त १ वरून साधारण १०० त २ ते ५ इतकी होते. म्हणजे बहुतेक वेळा पुढचं मूल निरोगीच असतं.

## ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो?

साध्या छिद्राच्या बाबतीत बहुतांशी हो. मूल खेळतं, पळतं, त्याला काचेच्या भांड्यासारखं जपायचं कारण नसतं. लशी तर सगळ्याच द्यायच्या, दुरुस्ती व्हायच्या आधीही. श्वसनाचे संसर्ग याच मुलांना जास्त जड जातात. दातांची काळजी हृदयाचाच भाग समजावी, कारण किडलेल्या दातांतून रक्तात गेलेले जंतू हृदयाच्या खडबडीत जागी घर करू शकतात. काही मुलांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं, सगळ्यांना नाही.

गुंतागुंतीच्या दोषांत मात्र दुरुस्ती म्हणजे शेवट नव्हे. फॅलोटच्या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडचा रस्ता रुंद करताना तिथली झडप अनेकदा निकामी होते. वीस-पंचवीस वर्षं ती गळते, काही जाणवत नाही, मग उजवा पंप फुगायला लागतो आणि नवी झडप लागते. २००० पासून ती काहींना शिरेतून नळीवाटेही बसवता येते. लहानपणी बसवलेली कृत्रिम झडप मुलाबरोबर वाढत नाही, तिचीही पाळी पुन्हा येते. श्रीमंत देशांत आज हृदयदोष घेऊन जगणाऱ्या प्रौढांची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. त्यांतले कितीतरी जण अठराव्या वर्षी 'मी ठणठणीत आहे' म्हणून तपासणी सोडतात. मुली गरोदरपणातच पुन्हा डॉक्टरांसमोर येतात. त्यांनी खरं तर त्याआधी यायला हवं, कारण काही दोषांत गर्भारपण सुखरूप पार पडतं आणि काहींत ते जिवावर बेतू शकतं.

म्हणून मुलाच्या शस्त्रक्रियेचे कागद त्याच्या हाती द्या आणि त्यांत काय लिहिलंय ते त्याला सांगता यायला हवं. दोषाचं पूर्ण नाव, कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या साली, आत पॅच (छिद्रावर शिवलेलं ठिगळ), चकती की झडप, शेवटचं इको कधीचं. छातीवरच्या व्रणाकडे पाहून नव्या डॉक्टरला यातलं काहीच कळत नाही.